गाडी वाचली, पाटी उतरली

कणकवलीतल्या एका कॉलेजच्या ऑफिसात बसून मी गेली बावीस वर्षं पत्रं लिहिते. वरच्या कार्यालयांना, खालच्या कार्यालयांना, शेजारच्या कार्यालयांना. त्यांतल्या निम्म्या पत्रांचं पुढे काय होतं ते पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. एकाच पत्रावर आठ दिवसांत कारवाई झाली, आणि ते पत्र लिहिल्याबद्दल माझ्या गावाने मला अजून पुरती माफी दिलेली नाही. ते मी ऑफिसातून लिहिलंच नव्हतं. उभ्याने, बसमध्ये, दांडीला एक हात धरून लिहिलं होतं.

आमचं गाव किनाऱ्यापासून आत, काजूच्या बागांत. मालवणहून निघून कणकवलीला जाणारी सकाळची बस आमच्या तिठ्यावर सव्वाआठला थांबते. तिठा म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. तिथे चहाची एक टपरी आहे आणि बसायला जांभ्या दगडाचा कट्टा. आमच्याकडे बसला बस कोणी म्हणत नाही, गाडी म्हणतात. घरासमोर चार चाकांची स्वतःची गाडी उभी असली तरी गाडी ती हीच.

आणि ही गाडी यायच्या वेळेला तिठ्यावर जे दृश्य दिसतं ते नवख्या माणसाने पाहिलं तर त्याची अशी समजूत होईल की हे गाव बसने प्रवास करणारं आहे. वीसेक दुचाक्या लागलेल्या, माणसं कट्ट्यावर रांगेने बसलेली, सगळ्यांच्या माना मालवणच्या बाजूला. दर दोन मिनिटांनी कोणीतरी विचारणार, "गाडी इली काय?" मग गाडी येते. गाडीत चढते मी एकटी. कट्ट्यावरचं कोणी जागचं हलत नाही. कारण ते गाडीत बसायला आलेलेच नसतात. गाडीतून मावशी उतरायची असते, डोक्यावर मासळीची पाटी घेऊन.

मावशी कोणाची सख्खी मावशी नव्हे. ती किनाऱ्यावरची. पहाटे होडी लागली की मासळी घ्यायची, पाटीत भरायची, वर ओलं फडकं टाकायचं आणि ही गाडी पकडायची. तीस वर्षं हा तिचा नेम. तिठ्यावर पाटी टेकली की पहिली दहा मिनिटं नुसती लूट. मग उरलेली पाटी डोक्यावर घेऊन ती वाडीवाडीतून फिरते, प्रत्येकीच्या दारात बसते, पाणी मागते, कोणाच्या सुनेला दिवस गेले ते सांगते आणि दुपारच्या गाडीने परत जाते. नवरा फार वर्षांपूर्वी गेला. त्या एका पाटीवर तिने दोन मुलींची लग्नं केली.

मी स्वतः त्या गाडीत बसू लागले ती काही पुण्य करावं म्हणून नव्हे. कॉलेजात वरून एक पत्रक आलं की पर्यावरणासाठी काहीतरी करा. प्राचार्य म्हणाले, एक छानशी प्रतिज्ञा लिहा. मी लिहिली: आठवड्यातून एक दिवस आम्ही स्वतःचं वाहन वापरणार नाही, हवा विटाळणार नाही, वगैरे. ती इतकी छान झाली की प्राचार्यांनी ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली आणि म्हणाले, पहिली सही लिहिणारीची. दुसरी सही करताना ते मात्र जरा चष्मा शोधत राहिले. मी बुधवार निवडला. सोमवारी आमच्याकडे बरेच जण मासे खात नाहीत, गुरुवारीही काही जण नाही. बुधवारी मावशीची पाटी भरगच्च असते, तेव्हा तिठ्यावर उभं राहायला एक कारण मिळतं. मी आधी पिशवीत बांगडे घेऊन ते टपरीवाल्याच्या हाती घरी धाडायचे, मग गाडीत चढायचे. कंडक्टर तेवढा थांबायचा. त्यालाही एक बांगडा मिळत असावा असा मला संशय आहे.

एक दिवसाचे दोन झाले, दोनाचे सहा. आधी स्कूटरवर हेल्मेटच्या आत मी स्वतःशीच भांडत जायचे. गाडीत खिडकीला डोकं टेकून झोपायला मिळू लागलं. पर्यावरणाचं काय भलं झालं ते माहीत नाही, माझी पाठ मात्र सुधारली. आमच्या ह्यांना हे बिलकूल पटलं नाही. ह्यांनी दोन वर्षांपूर्वी पांढरी कार घेतली होती. ती ते चालवत कमी आणि धूत जास्त. "घरात गाडी असताना बायको तिठ्यार उभी रवता, लोक काय म्हणतले?" हे त्यांचं दुःख. मी म्हटलं, "लोक काय्येक म्हणनत नाय. ते बांगडे बघतत."

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी कंडक्टरने तिकीट देता देता सांगितलं, "बाई, ही फेरी आता तुमच्या गावातून जावची नाय. भायल्या भायर हायवेन धाडतले. तुमच्याकडे प्रवासी खंय आसत?"

"मी आसंय," मी म्हटलं.

"तुमी एकटे. एकटेसाठी येवढी गाडी आत कशाक घालतले?"

मी उतरून परत चालत तिठ्यावर गेले आणि कट्ट्यावर बसलेल्यांना ही बातमी दिली. पहिल्यांदा कोणी ढिम्म हललं नाही. दुचाक्या होत्या सगळ्यांकडे. मग एकाच्या डोक्यात उजेड पडला. तो उठून उभा राहिला आणि विचारता झाला, "मगे मावशी कशी येतली?"

त्यानंतर जो गदारोळ झाला तो आमच्या गावात निवडणुकीलाही झालेला नाही.

दोन दिवसांनी सोमवारी देवळात गाव जमलं. आमच्याकडे मोठं संकट आलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. गावकार, म्हणजे गावचा मानकरी, उभ्याने देवाला सगळं सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमचे गावकार आवाजाला भक्कम. त्यांनी सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, ही जी काय आमची सकाळची गाडी आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ती कोणाच्या नजरेक पडली आसात, कोणाच्या कागदाक सापडली आसात, तर तो कागद वाऱ्यार उडवन टाक..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि तुझी ही लेकरां जशी आजपर्यंत गाडयेची वाट बघीत इली, तशीच वाट बघूक त्येंका देत रव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

गाऱ्हाण्याची रीत अशी की काही राहून जाता कामा नये. देवाला सगळं उलगडून सांगायचं, म्हणजे नंतर त्याला सबब नको. पण देवळात, तेही सोमवारी, मासळीचा उच्चार कोण करणार? गावकारांनी गाडी मागितली आणि पाटीचं नाव तोंडातल्या तोंडात गिळलं. सगळ्यांना वाटलं, देव काय, समजून घेईल.

देवळाबाहेर येऊन मग माणसांनी आपलं ठरवलं. डेपोतून एक साहेब तीन दिवस गाडीत बसून माणसं मोजणार होते. तेव्हा त्या तीन दिवसांत घरटी एक माणूस गाडीत बसलं पाहिजे. कुठे जायचं हा प्रश्न कोणी विचारला नाही. मी विचारला. तर म्हणाले, पुढच्या गावापर्यंत जायचं आणि उतरायचं.

पहिल्या दिवशी तिठ्यावर साठेक माणसं उभी राहिली. इस्त्रीचे कपडे, केसांना तेल, काहींच्या अंगाला अत्तर. आमचे हे तर चक्क बूट घालून आले होते. बारा-पंधरा वर्षांनी ते गाडीत बसत होते. बसल्याबसल्या त्यांनी दोन्ही बाजूंना हात घालून चाचपायला सुरुवात केली. मी विचारलं काय शोधता, तर म्हणाले, "पट्टो खंय आसा?"

साहेब पुढच्या सीटवर वही घेऊन बसले होते. घाटावरचे, सडपातळ, अबोल आणि फार सभ्य. गाडी इतकी भरली की त्यांना पाय मांडी घालून वर घ्यावे लागले. गाडी सुटली. आणि साहेबांनी सहज मागच्या काचेतून पाहिलं.

मागे पन्नाससाठ दुचाक्या येत होत्या. पुढच्या गावी उतरलेल्यांना घरी परत कोण आणणार? म्हणून प्रत्येकाच्या घरचा एक जण दुचाकी घेऊन गाडीच्या मागे निघाला होता. आमच्या ह्यांच्या मागे तर त्यांचा चुलतभाऊ आमचीच पांढरी कार घेऊन येत होता. उघडी काच, वर गाणं.

"मागे लग्नाचं वऱ्हाड आहे का?" साहेबांनी विचारलं.

कंडक्टरने क्षणभर बाहेर पाहिलं. मग अगदी शुद्ध मराठीत, जसं तो फक्त साहेबांशी बोलतो, तसं म्हणाला, "नाही साहेब. या गावची पद्धत आहे. मोठी माणसं प्रवासाला निघाली की पोचवायला जातात."

साहेबांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

पुढच्या गावात साठ माणसं एकदम, गप्प तोंडाने, चांगल्या कपड्यांत उतरली. तिथे त्यांना काहीही काम नव्हतं, त्यामुळे ती रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिली. पाच मिनिटांत त्या गावची माणसं घराबाहेर आली, टोप्या काढून हळू आवाजात विचारू लागली, "कोण गेलो?" आमच्यातल्या एका शहाण्याने गोंधळून एक नाव सांगूनही टाकलं. ते गृहस्थ त्या दिवशी संध्याकाळी जिवंतपणी आपल्या दारावर आलेली माणसं पाहून फार चिडले.

एक मात्र खरं. पेट्रोल वाचवणारी गाडी वाचवण्यासाठी आम्ही त्या तीन दिवसांत जेवढं पेट्रोल जाळलं, तेवढं एरवी महिनाभरात जाळलं नसतं. प्रतिज्ञा लिहिणारी मीच, आणि मी हसत होते. मला लाज वाटायला हवी होती असं आता वाटतं. तेव्हा फक्त मजा वाटत होती.

माती खाल्ली ती तिसऱ्या दिवशी. बुधवार होता. कॉलेजात बाहेरून समिती यायची होती आणि मी नवी नारायणपेठ नेसले होते. गाडी आली. दार उघडलं. दारात मावशी पाटी घेऊन उतरायला उभी, आणि खाली साठ जण चढायला उभे. एरवी चढणारी मी एकटी, मावशी आरामात उतरायची. आता सगळ्यांना जागा पकडायची होती, साहेब पाहत होते ना.

"आधी माका उतरूक देवा रे मेल्यांनो!" मावशी ओरडली.

कोणी ऐकलं नाही. मागून धक्का आला. त्या धक्क्यात माझाही खांदा होता, हे मी इथे लिहून ठेवते. पाटी कलली. फडक्याखालचं सगळं गार पाणी माझ्या निऱ्यांवर आलं आणि दोन बांगडे चपलेवर पडले. मावशीने "हल गो बाये" म्हणत वाकून बांगडे उचलले, आणि ती गर्दीतून वाट काढत गेली. मी चढले. बसायला जागा नाही, साडी ओली, बाजूची बाई नाकाला पदर लावते आहे. नेमकं तेव्हा साहेबांनी ती वही पुढे केली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "आपल्या काही सूचना, तक्रारी असल्यास जरूर लिहा."

आमच्या गावाला आजवर कोणी साहेबाने काही विचारलं नव्हतं. इथे एखाद्याला घर जळत असताना विचारा की तुमची काही तक्रार आहे का, तर तो आधी तक्रार सांगेल, मग पाणी आणायला जाईल. आम्ही गाडी वाचवायला बसलो होतो हे सगळे विसरले. खिशातून पेनं निघाली. घरात, बाजारात, देवासमोर मालवणीत बोलणारी माणसं सरकारी कागद पाहताच शुद्ध मराठीत शिरली. एकाने लिहिलं, खिडकी उघडत नाही. त्याच्याच बाजूच्याने लिहिलं, खिडकी बंद होत नाही. गावकारांनी लिहिलं, गाडी अतिवेगाने हाकली जाते. त्यांच्या थोरल्या भावाने लिहिलं, गाडी नेहमी उशिरा येते. आमच्या ह्यांनी पट्ट्याबद्दल लिहिलं. एकाने वहीच्या पेनाबद्दल लिहिलं. मग वही माझ्याकडे आली.

मला लिहायला कोणी सांगायचीच खोटी. मी लिहिलं: "सदर फेरीतून ओल्या मासळीची उघडी पाटी नेण्यात येत असल्याने सुशिक्षित प्रवाशांची कुचंबणा होते. तरी याबाबत तातडीने उचित कार्यवाही व्हावी, ही विनंती." खाली सही. आणि सही करताना मला, ओल्या साडीत, फार बरं वाटलं. हे सर्वांत वाईट.

आठ दिवसांनी गाडीच्या दारामागे आदेश चिकटवलेला दिसला. प्रवाशांचा प्रतिसाद समाधानकारक असल्याने फेरी पूर्ववत चालू राहील. तिठ्यावर शिट्ट्या झाल्या. त्याच्या खाली दुसरा परिच्छेद होता. "सुशिक्षित प्रवाशांची होणारी कुचंबणा लक्षात घेता उघड्या पाटीतून ओली मासळी नेण्यास मनाई करण्यात येत आहे."

माझी वाक्यरचना मी कुठेही ओळखीन. दुर्दैवाने गावही ओळखतं. शाळेच्या स्नेहसंमेलनापासून ग्रामपंचायतीच्या अर्जापर्यंत सगळं माझ्याकडून लिहून नेतात. कट्ट्यावरच्या वीस माणसांनी तो कागद वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. गाडीतून त्या दिवशी कोणीच उतरलं नाही. देवाने गाऱ्हाणं अगदी तंतोतंत ऐकलं होतं. गाडी मागितली, गाडी दिली. वाट बघायला मागितली, तीही दिली.

पुढचे दिवस गावाने कसे काढले ते सांगायला नको. सहाव्या दिवशी एक टेम्पो भोंगा लावून आला. बर्फातली मासळी, कुठची कोण जाणे, डोळे पांढरेफटक. भोंग्यावर एक बाई न थांबता ओरडत होती. ती बाई टेम्पोत नव्हती, नुसता तिचा आवाज होता. आमच्या सासूबाईंनी एक सुरमई बोटाने दाबून पाहिली आणि टेम्पोवाल्याला विचारलं, "हिचा वय किती?" टेम्पो धूर सोडून गेला.

आमचे हे बाणेदार. म्हणाले, मी आणतो. एसी लावून पांढऱ्या कारने मालवणला गेले आणि दोन वाटे पेडवे घेऊन आले. तेवढ्यासाठी जाऊन येऊन अर्धा दिवस. वळणावर पिशवी कलंडली, हे त्यांना घरी येईपर्यंत कळलं नाही. पुढचे दहा दिवस ते ती कार साबणाने, लिंबाने, कॉफीच्या पुडीने धूत होते. त्यांच्यासारखे आणखी आठदहा जण रोज मालवणला जाऊ लागले, प्रत्येक जण स्वतःच्या वाहनाने, स्वतःच्या पिशवीसाठी. एका बाईच्या डोक्यावरून, एका गाडीतून, चाळीस घरांचं जेवण कसं येत होतं, ते पाटी बंद पडल्यावर मला दिसलं. कॉलेजातल्या प्रतिज्ञेत मी ते लिहिलं नव्हतं. मला ते ठाऊकच नव्हतं.

पण मला झोप लागेना ती पेडव्यांमुळे नव्हे. मावशी आता काय करते? रिक्षा करून येणं तिला परवडणारं नव्हतं. किनाऱ्यावर तिच्यासारख्या कितीतरी बसतात, तिथे तिची पाटी कोण घेणार? आणि जो धक्का बसला तो माझा, आमचा. पाटी कलली ती गर्दीमुळे. हे सगळं मी वहीत लिहू शकले असते. मी साडी लिहिली.

शनिवारी डेपोत गेले आणि साहेबांसमोर बसले. म्हटलं, माझी तक्रार मागे घ्यायची आहे. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं पत्र इतकं मुद्देसूद होतं की आम्ही शब्दही बदलला नाही. बाकीच्या तक्रारींचं काय करायचं तेच कळेना, खिडकी उघडायची की बंद करायची." मग त्यांनी विचारलं, ती बाई झाकणाचं भांडं का नाही वापरत? झाकण लावलेल्या डब्यातून मासळी न्यायला काहीच हरकत नाही, नियम आहे तसा.

"हे तिला कोणी सांगितलं का?"

साहेब जरा खजील झाले. "सूचना चिकटवली आहे."

मावशीला वाचता येत नाही.

बाजारात जाऊन मी झाकणाचा एक मोठा निळा डबा घेतला, दोन बाजूंना कड्या असलेला. रविवारी तो घेऊन उलट दिशेच्या गाडीत बसले. कंडक्टर तोच होता. त्याने डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ह्येचा अर्धा तिकीट?" म्हणाला. मी म्हटलं, पूर्ण काढ.

मावशीचं घर माडांत, किनाऱ्याला लागून. ती अंगणात मीठ लावलेले बांगडे उन्हात मांडत होती. मला पाहून ती उठली नाही. मी डबा खाली ठेवला, साहेब काय म्हणाले ते सांगितलं, झाकण कसं लावायचं ते दाखवलं, बर्फ किती मावतो ते सांगितलं. मी पुष्कळ बोलले. ती एकेक बांगडा उलटा करत होती.

बांगडे संपल्यावर म्हणाली, "तू लिवलंस ता माका कंडक्टरान वाचून दाखवल्यान."

मी डब्याचं झाकण उगाच उघडलं आणि परत लावलं.

"बरा लिवलंस. माका अर्धा कळला नाय. तो म्हणालो, सुशिक्षित म्हणजे शिकलेली माणसां." तिने हात पदराला पुसले. "तीस वर्सा तुझ्या दारात बसतंय गो बाये. तुझ्या हातचा पाणी पितंय. पाटयेचा पाणी पडता, तर तोंडान सांगूक काय झाला?"

मला रडू आलं. अगदी मूर्खासारखं, त्या वाळत घातलेल्या बांगड्यांसमोर. "चुकलंय मावशी," मी म्हटलं. "धक्को आमचोच होतो."

"ता माका म्हायती आसा. तुझो खांदो माका दिसलो." मग तिने निळा डबा एका हाताने उचलून पाहिला, खाली ठेवला. "भरल्यार ह्यो माझ्या एकटेच्यान उतरूचो नाय. पाटी डोक्यार घेवक येता, ह्येका दोन माणसां होयी."

"मगे?"

"मगे काय? हय चढवक माझी भावजय आसा. थय तिठ्यार तू उभी रवतंस मा रोज? तू धरतलंस."

बुधवारी सव्वाआठला तिठ्यावर झाडून सगळं गाव होतं. बातमी टपरीवाल्याने आधीच फोडली होती. गाडी थांबली, दार उघडलं, आणि कट्ट्यावरची माणसं या खेपेला एक पाऊलही पुढे आली नाहीत. मी पर्स कट्ट्यावर ठेवली आणि पुढे झाले. डबा दारात आला. माझ्या बाजूची कडी मी पकडली आणि डबा लगेच माझ्याकडे झुकला.

"सरळ धर गो!" मावशी वरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली. "लिवक येता, धरूक येणा नाय!"

तिठा हसला. कंडक्टर हसला, गाडीतले चारही प्रवासी हसले, आमचे हे तर दुचाकीच्या टाकीवर थाप मारून हसले. मी दुसरा हात लावला आणि डबा सरळ केला.